सौनातला ओव्हरकोट

सौनात, म्हणजे आमच्या फिनलंडच्या वाफेच्या न्हाणीघरात, अंगावर कपडे घालून बसलेला माणूस चित्रपटात दाखवायचाच असेल तर एकाच कारणासाठी दाखवावा, असं माझं मत आहे: तो शेजारच्या स्वीडनचा आहे हे प्रेक्षकांना न सांगता कळावं म्हणून. हे मत मी पालिकेत मांडलं, ग्रंथालयात मांडलं, स्वयंसेवक अग्निशमन दलाच्या कॉफीच्या टेबलावर मांडलं आणि एकदा तर चर्चच्या पायरीवर, अंत्ययात्रा निघायच्या आधी मांडलं. कुणीही ते खोडून काढलं नाही. तरीसुद्धा आमच्या चित्रपटाच्या आराखड्यात सहा म्हातारे ओव्हरकोट घालून सौनात बसले आहेत, आणि लेखक म्हणून खाली माझं नाव आहे, टौनो हिर्वासनिएमी. नाव लांब असल्यामुळे ते दोन ओळींत आलंय. म्हणजे लाजही दोन ओळींची.

तर झालं असं, की आमच्या तळ्याकाठची धुराची सौना पाडायचं पालिकेनं ठरवलं. ही सौना गावाची. तिला धुराडं नाही. अर्धा दिवस आत लाकडं जाळायची, धूर दारातून आणि भिंतीतल्या फटींतून बाहेर जाऊ द्यायचा, मग आग विझवून, तापलेल्या दगडांवर पाणी टाकत बसायचं. भिंती काजळीनं काळ्या. दर शनिवारी आधी बायका, मग पुरुष, अंगावर काहीही न ठेवता. पालिकेच्या नोंदीत मात्र ती 'लाकडं ठेवायची तात्पुरती शेड' आहे. ही तात्पुरती शेड माझ्या आजोबांच्या आधीपासून उभी आहे.

जागा कशाला हवी होती? गाड्या लावायला. शेजारी 'अनुभव केंद्र' होणार होतं. तिथे परदेशी पाहुण्यांना मोठ्या पडद्यावर अस्सल धुराची सौना कशी असते ते दाखवणार होते. अस्सल सौना पाडून तिच्या जागी गाड्या लावायच्या आणि त्या गाड्यांतून उतरणाऱ्यांना अस्सल सौना पडद्यावर दाखवायची, यात पालिकेला काही खटकलं नाही. माझा शेजारी केयो यानं रीतसर हरकत घेतली. उत्तर आलं, 'आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे. तथापि भावनांना जागा लागत नाही, वाहनांना लागते.'

हे उत्तर मी फळीवर बसून मोठ्यानं वाचलं. वैनो ऐकत होता. वैनो नव्वदीला टेकलाय आणि या सौनातच जन्मलाय. तेव्हा बाळंतपणं सौनातच व्हायची; गरम पाणी तिथे असायचं आणि नवरे तिथे नसायचे. वैनो दिवसाला चार शब्द बोलतो, त्यातले दोन कुत्र्याशी. त्या दिवशी मात्र त्यानं ओगराळ्यानं दगडांवर पाणी टाकलं, वाफ अंगावरून जाऊ दिली आणि म्हणाला,

"टौनो, जन्मताना मला कुणी विचारलं नव्हतं. पण मेल्यावर मला इथेच धुवा. त्या केंद्रात टाइलवर नको. तिथे बासरी वाजवतात म्हणे."

वैनोचं एवढं लांब भाषण आम्ही कधी ऐकलं नव्हतं. सौना पाडणार हे नक्की होतं, तारीखही आली होती, मध्य उन्हाळ्याच्या सणानंतरचा सोमवार. निदान तिचं चित्र तरी मागे राहावं म्हणून मी चित्रपट लिहायला बसलो.

अक्षरं मी पन्नाशी उलटल्यावर शिकलो, त्यामुळे ती जपून वापरतो. माझी पटकथा थोडक्यात अशी: दोन म्हातारे सौनात येतात. बसतात. एक जण पाणी टाकतो. बराच वेळ कुणी बोलत नाही. रिवाजाप्रमाणे कोवळ्या डहाळ्यांच्या जुड्यांनी एकमेकांच्या पाठी झोडतात. एक जण म्हणतो, "पुढच्या शनिवारी?" दुसरा म्हणतो, "येईन." समाप्त.

बायको हिल्क्का वाचून म्हणाली, "दुसरा जरा जास्त बोलतो." पण तिचे डोळे ओले होते, म्हणजे ठीक असणार.

पटकथा घेऊन मी पालिकेत पिर्योकडे गेलो. पिर्यो सांस्कृतिक सचिव. बाई मनानं चांगली, पण नियम दिसला की उभी राहते. तिनं पानं पालथी करून मागे आणखी काही आहे का ते पाहिलं.

"चित्रपट निधी नुसत्या पटकथेवर पैसे देत नाही, टौनो. दृश्य आराखडा लागतो. प्रत्येक दृश्याचं चित्र, कॅमेरा कुठे, माणसं कुठे, कोणत्या दिवशी काय, सगळं."

"मला तर घोडासुद्धा काढता येत नाही."

"आता हातानं कोण काढतं? यंत्राला सांगायचं. ग्रंथालयात आहे. पटकथा आत टाकली की आराखडा बाहेर."

सॉसेजच्या यंत्राबद्दल मला माझ्या वडिलांनी हेच सांगितलं होतं, आणि तिथे मी नखाला मुकलो.

ग्रंथालयात मी संगणकासमोर बसलो आणि पटकथा आत टाकली. यंत्रानं ती डोळ्याचं पातं लवायच्या आत वाचली आणि लिहिलं, 'किती हृदयस्पर्शी कथा! तुमची शैली विलक्षण आहे.' मी आजूबाजूला पाहिलं. आमच्या गावात एवढं कौतुक फक्त मेल्यावर होतं, तेही आटोपशीर. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी हिल्क्का म्हणाली,

"रोज काय असतं रे तिथे?"

"काम."

"दाढी करून?"

कौतुक संपलं आणि यंत्र कामाला लागलं. पहिली अडचण त्याला शांततेची वाटली. 'पात्रांच्या भावना स्पष्ट होत नाहीत. मी थोडे संवाद सुचवू का?' नको म्हणायच्या आत त्यानं सुचवले. पहिला म्हातारा दुसऱ्याला म्हणत होता, 'मित्रा, मला आत खोल एकटं वाटतं.' दुसरा म्हणत होता, 'मी तुला ऐकतोय.' मग मिठी. सौनात! दोन पुरुष! मी ते पान उलटं धरून घरी आणलं, रस्त्यात कुणी वाचू नये म्हणून.

वैनोला दाखवलं. त्यानं चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

"हे दोघं आजारी आहेत का?" त्यानं विचारलं.

संवाद काढून टाकले. मग चित्रांची वेळ आली, आणि तिथे माझ्या अब्रूचं खोबरं झालं. मी लिहिलं, 'दोन म्हातारे पुरुष सौनात बसले आहेत.' पडद्यावर लाल चौकट आली: 'क्षमस्व. आपली मागणी शालीनतेच्या धोरणात बसत नाही.' मला वाटलं, म्हातारे चालत नसतील. मी 'म्हातारे' काढून 'पुरुष' ठेवलं. चौकट आणखी लाल झाली. मी समजावून सांगायचं ठरवलं: 'यात काही वावगं नाही, आमच्याकडे सगळे असेच बसतात, आमदार आणि पाद्रीसुद्धा.' त्यावर यंत्रानं एक दूरध्वनी क्रमांक दिला आणि लिहिलं, 'मदत मागण्यात कमीपणा नाही.'

ग्रंथपाल बाई माझ्या मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. "टौनो," त्या हळूच म्हणाल्या, "इथे शाळेची मुलं येतात."

संध्याकाळपर्यंत गावात पोचलं की टौनो ग्रंथालयात नको त्या चित्रांसाठी यंत्राच्या मागे लागलाय. दुकानात पाव घेताना माझ्यामागच्या रांगेत मुद्दाम जास्त जागा सोडली गेली. हिल्क्काला तिच्या बहिणीचा फोन आला. "या वयात?" एवढंच ती म्हणाली म्हणे. हिल्क्का तिला म्हणाली, "या वयात निदान ग्रंथालयापर्यंत चालत जातो, हे चांगलंच आहे की." बायकोनं बाजू घेतली याचा आनंद मानावा की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता सल्ले सुरू झाले. केयो कुंपणावर हात टेकून म्हणाला, "पंचा लिही. कमरेला पंचा."

"पंचा गुंडाळून कोण बसतं? हॉटेलातले पाहुणे."

"अरे, चित्रात तरी गुंडाळ. चित्रीकरणाला सोडू."

मी पंचा लिहिला. यंत्रानं पंचा रेखाटला, पण तो डोक्याला गुंडाळलेला. खालचं चित्र त्यानं स्वतःच पाहिलं असावं, कारण लगेच लाल चौकट आली. मग मी कंटाळून लिहिलं, 'बरं बाबा, तुला योग्य वाटतील ते कपडे घाल. बाहेर बर्फ आहे.' आणि यंत्र अखेर प्रसन्न झालं. काळ्या भिंती, तापलेले दगड, वाफ, आणि फळीवर सहा म्हातारे (दोन सांगितले होते), गळ्यापर्यंत बटणं लावलेले लोकरी ओव्हरकोट आणि केसाळ टोप्या घालून. एकाच्या हाताला सात बोटं. मधला वैनो, कारण त्याचा फोटो मी दिला होता. पण हा वैनो चाळिशीचा, खांदे रुंद, तोंडात सगळे दात. वैनोनं चित्र बराच वेळ पाहिलं.

"हा कोण?"

"तू."

"हं," वैनो म्हणाला, आणि चित्र घडी करून खिशात ठेवलं. पुढच्या आठवड्यात ते त्याच्या भिंतीवर चौकटीत होतं.

चित्रं जमली तसा बाकीचा आराखडा यंत्रानं आपणहून केला. जुड्यांनी पाठी झोडायचं दृश्य त्यानं 'हिंसाचार' या सदरात टाकलं आणि त्यासाठी मारामारी बसवणारा तज्ज्ञ आणि कलाकारांसाठी समुपदेशक मागितला. 'धुराची सौना' याचा अर्थ त्यानं 'जळती इमारत, आत सहा वृद्ध अडकलेले' असा लावला, आणि त्या दिवसासाठी दोन बंब, रुग्णवाहिका आणि आगीतून उड्या मारणारी स्टंटची चार माणसं लिहिली.

हे पान माझ्या हातून केयोच्या हातात गेलं, ही माझी चूक. केयो तीस वर्षं आमच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा प्रमुख आहे. या गावात काही जळत नाही. तीस वर्षांत एक शेकोटी आणि एका पाद्रीबाबांची टोपी. त्यानं ते पान असं वाचलं जसं दुसरे लोक लॉटरीचा निकाल वाचतात.

"टौनो," तो भारावून म्हणाला, "शेवटी कुणीतरी या विषयाकडे गांभीर्यानं पाहिलं."

"अरे, ते यंत्र चुकलंय."

"सुरक्षेच्या बाबतीत कुणी कधी चुकत नाही," तो म्हणाला, आणि मला न विचारता त्यानं ते पान जिल्ह्याच्या बचाव कार्यालयाला पाठवलं. कार्यालयानंही मला विचारलं नाही. त्यांनी तारीख तेवढी वाचली.

म्हणून त्या शनिवारी, सौना तापून आम्ही एक फेरी करून बाहेर बाकावर बसलो होतो, अंगातून वाफ निघत होती, हातात बिअर होती, तेव्हा झाडांतून भोंगा वाजवत दोन बंब आले. शिरस्त्राणं घातलेली आठ माणसं नळ्या ओढत धावत आली आणि आमच्यासमोर थांबली. आम्ही जसे बसलो होतो तसेच बसलो होतो. कुणी उठून कपडे शोधले नाहीत. आपल्या बाकावर बसलेल्या माणसानं का शोधावेत?

त्यांचा प्रमुख धापा टाकत म्हणाला, "आग कुठे आहे?"

"दुपारीच विझवली," वैनो म्हणाला.

प्रमुखानं आत डोकावून पाहिलं. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मऊ झाला होता. "दगड छान तापलेत," तो म्हणाला. मग त्यानं आपल्या माणसांकडे पाहिलं, माणसांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि थोड्या वेळानं आठही शिरस्त्राणं बाहेर खिळ्यांवर टांगलेली होती. आत दाटी झाली, पण तक्रार कुणी केली नाही. त्यांनी कार्यालयात दिलेला अहवाल केयोनं मला नंतर दाखवला: 'आग पूर्ण नियंत्रणात. दलाने परिस्थितीत शिरून खात्री केली.'

इकडे चित्रपट निधीकडून वेन्ला आली. तरुण, मोठा चष्मा, सगळं टिपून घेणारी. मी आराखडा तिच्यासमोर ठेवला आणि माफी मागायला सुरुवात केली. "हे कोट बघू नका. ते—"

"कोट!" ती म्हणाली. "कोट अफाट आहेत! हे आपलं मौन आहे. आपण ते सौनातही उतरवत नाही."

"मौन नाही हो बाई, यंत्राची लाज आहे ती."

"यंत्राची लाज," तिनं लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. "किती नेमकं बोलता तुम्ही! आणि ही सात बोटं?"

"ती चूक आहे."

"तीच तर!"

चित्रपट मंजूर झाला. मी पिर्योकडे धावलो. म्हटलं, कोट काढू दे, माणसं आहेत तशी बसू दे. ती उभी राहिली, म्हणजे नियम दिसला होता. "मंजूर आराखडा बदलता येत नाही. बदलायचा तर नवा अर्ज, पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी तिथे गाड्या असतील, पिर्यो."

"म्हणून तर म्हणते, कोट घाला."

तर सणाच्याच शनिवारी, भर उन्हाळ्यात, सहा म्हातारे गावभरातून गोळा केलेले ओव्हरकोट घालून सौनात शिरले. वेन्लानं शहरातून आणलेला कॅमेरावाला दारात होता. बाहेर पिर्यो निधीच्या वतीनं पाहणी करायला, हिल्क्का वेलचीचे पाव घेऊन आणि केयो हातात नळी घेऊन. मी फळीच्या टोकाला बसलो. केसाळ टोपीतून घाम डोळ्यांत येत होता. एका जणाचा कोट त्याच्या मेलेल्या भावाचा होता आणि त्यातून उकडलेल्या डांबरगोळ्यांचा वास सुटला होता. कुणी बोलत नव्हतं, पण हे आमचं नेहमीचं गप्प बसणं नव्हतं. दातांच्या दवाखान्यातलं होतं.

वैनोनं दगडांकडे पाहिलं. मग स्वतःच्या गुडघ्यांवरच्या लोकरीकडे पाहिलं.

"मी इथे पहिल्यांदा आलो," तो म्हणाला, "तेव्हाही काही घातलं नव्हतं."

त्यानं कोट उतरवला, नीट घडी केली, खाली ठेवला, आणि ओगराळंभर नव्हे, अख्खी बादली दगडांवर ओतली. बाकीच्यांना काही सांगावं लागलं नाही. वाफ अशी उठली की मला माझा हात दिसेना. दारात कॅमेरावाला ओरडला. कॅमेऱ्याची काच आंधळी झाली होती. मग बऱ्याच वेळानं, पांढऱ्या वाफेतून, पाठीवर डहाळ्या पडल्याचा आवाज, आणि कुणीतरी सुस्कारा टाकला तो.

बाहेर येऊन आम्ही तळ्यात उड्या मारल्या. वेन्ला छोट्या पडद्यावर पाहत होती. सगळं पांढरं. "काहीच दिसत नाही," ती म्हणाली. "पुन्हा घ्यावं लागेल."

"पुन्हा?" पिर्योनं आपली फाइल उघडली. "पण सोमवारी पाडकामाची माणसं येणार आहेत. थांबा हं, नियम पाहते." ती मोठ्यानं वाचू लागली, "'निधीतून होणाऱ्या चित्रीकरणाचं स्थळ, चित्रीकरण पूर्ण झाल्याची लेखकानं खात्री देईपर्यंत, आहे त्या स्थितीत...'" इथे तिचा आवाज बारीक झाला. "'...जपणं संबंधित पालिकेवर बंधनकारक राहील.'"

तळ्यावर एक पक्षी ओरडला. केयोनं तोंड उघडलं, तेवढ्यात हिल्क्कानं त्याच्या पायावर पाय दिला आणि तोंडात पाव घातला.

"लेखकानं?" मी विचारलं.

"लेखकानं," पिर्यो म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग वैनोकडे, जो बाकावर बसून केस पिळत होता, आणि फाइल मिटली. "मला काय, मी नियम वाचून दाखवला."

सोमवारी सकाळीच मी दाढी करून ग्रंथालयात गेलो. यंत्राला लिहिलं, 'दृश्यं मंजूर झाली तीच ठेव, फक्त त्यांचे आणखी बारीक भाग कर.' 'उत्तम विचार!' ते म्हणालं. 'वैनो बसतो' या एका वाक्याचे त्यानं एकोणीस शॉट केले. मी म्हटलं, आणखी. त्यानं वैनोच्या डाव्या गुडघ्याचे वेगळे केले. असा कष्टाळू, न थकणारा आणि कशाचीही शंका न घेणारा सहकारी मला आयुष्यात मिळाला नव्हता. त्याच्या कोटांबद्दल मी चर्चच्या पायरीवर जे बोललो ते मागे घेतो.

आता तिसरा उन्हाळा चालू आहे. दर शनिवारी एक शॉट. कॅमेरा ग्रंथालय उसना देतं. आराखड्याप्रमाणे आम्ही कोट घालूनच आत जातो. पुढे वाफेत काय होतं ते कॅमेऱ्याला दिसत नाही, त्यामुळे पालिकेलाही दिसत नाही. बायकांच्या वेळेला पिर्यो येते, पाहणीसाठी. तिची पाहणी चांगली दोन तास चालते. अनुभव केंद्र उघडलंय. तिथल्या पाहुण्यांच्या गाड्या रस्त्याच्या कडेला लागतात आणि पाहुणे आमच्याच झाडांमागून डोकावतात. वेन्ला परदेशात या चित्रपटावर व्याख्यानं देते. ती याला संथ सिनेमा म्हणते.

परवा वैनो म्हणाला, "आणि शॉट संपायच्या आत मी गेलो तर?"

"इथेच धुऊ," मी म्हटलं. "आराखड्यात घालून घेतो."

"हं," तो म्हणाला. "घाई नको."

शनिवारी सगळं आटोपलं की यंत्र माझ्या फोनवर विचारतं, 'आजचा शॉट समाधानकारक झाला का?' खाली दोन बटणं असतात. मी बाकावर बसलेला असतो. शेजारी वैनो, उकडलेल्या खेकड्यासारखा लाल, खांद्यांतून वाफ निघतेय, डोळे मिटलेले, हातातली बिअर अर्धी. पाण्यावर ऊन असतं. मी लिहिलेल्या पटकथेत जे जे होतं, आणि जे लिहायला मला अक्षरं कमी पडली, ते सगळं तिथे असतं. मी त्याच्याकडे नीट पाहून घेतो, मग फोन डोळ्यांजवळ धरतो आणि 'नाही' दाबतो.